फाटक नसलेली सिगारेट

माझा थोरला भाऊ हेमराज दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करतो. करतो म्हणायची आपली सवय. गेल्या दिवाळीपासून तो धुळ्यात, माझ्या घरी पलंगावर आहे. मिरचीच्या पोत्यांची थप्पी सरकली आणि त्याची नडगी मोडली. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी बजावलं की हाड जुळायला हवं असेल तर सिगारेट बंद.

भाऊ तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलणं कमी, जेवणाला नाव ठेवणार नाही, भाजीत मीठ विसरलं तरी खाऊन मोकळा. खोड एकच, सिगारेटची. तीसुद्धा शिस्तीत. गोदामात वाळकी मिरची आणि बारदान, तिथे काडी पेटवायची सोय नाही. ओढायची तर उठून फाटकाबाहेर जायचं. एक गाडी खाली झाली की हा बाहेर, एक सिगारेट संपली की परत आत. जास्त रेंगाळला तर मुकादम हाक मारायचा.

त्याचा मुलगा ललित सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. बापाला बघायला आला तेव्हा त्याने खिशातून एक चपटं, रंगीत यंत्र काढलं, ई-सिगारेट म्हणतात ते. या वस्तूच्या विक्रीला आपल्याकडे बंदी आहे, पण बंदीच्या वस्तू मिळायच्या तिथे मिळतातच. ललित म्हणाला, आत्या, यात तंबाखू नाही, आग नाही, नुसती वाफ. पप्पांची सिगारेट सुटेल. पोरगा काळजीपोटी सांगत होता. मलाही बरं वाटलं. घरात राख नाही, धुराचा वास नाही, चादरीला भोक नाही. थोडा आंब्याचा वास यायचा, तेवढाच. स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी ते चार्जिंगला लागायचं.

त्यानंतर मी नुसत्या दवाखान्याच्या खेपा घालत राहिले. रिक्षा बोलवा, भाऊला धरून बसवा, एक्स-रेच्या रांगेत ताटकळा, आणि शेवटी तेच ऐका, हाडातली फट तशीच आहे. मी थकले होते, खोटं कशाला बोलू. एकदा वैतागून त्याला तोंडावर विचारलं, चोरून ओढतोस ना? त्याने ललितच्या डोक्याची शपथ घेतली, एकही सिगारेट ओढली नाही म्हणून. शपथ खरी होती हे मला ठाऊक होतं, त्यामुळे आणखीच चीड आली. राग काढायचा तरी कुणावर?

परवा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून बघितला. मग विचारलं, तंबाखू, गुटखा, मिस्री, काही? भाऊ नाही म्हणाला. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे त्यांचं लक्ष गेलं. यंत्र मागून घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, धुरातलं बाकीचं विष यात कमी असेल, पण निकोटीन यातही आहे, आणि रक्ताच्या बारीक नसा आवळायचं काम तेच करतं. हाडाला पुरेसं रक्त पोचलं नाही तर ते जुळणार कसं? सिगारेटपेक्षा यातून कमी जातं की जास्त, ते ओढणाऱ्यावर आहे. किती लांब ओढतो, किती वेळा ओढतो. तुम्ही दिवसातून किती वेळा ओढता?

मी मनात आठवत होते. चहाआधी, चहानंतर, टीव्ही बघताना, मी भाजी निवडत असताना, दुपारी कूस बदलताना. ते उशीखालीच असायचं.

"सिगारेटले फाटक व्हतं, डॉक्टरसाहेब," भाऊ म्हणाला. "उठीसन जानं पडे. याले फाटक नही शे."

डॉक्टर त्याला रागावले नाहीत. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्या फटीत भरावा लागेल म्हणाले, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. पण त्याआधी हे यंत्रही पूर्ण बंद, नाहीतर ते हाडही वाया जाईल आणि पाय असाच राहील. तलफ आवरायला त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. भाऊने मान डोलावली आणि यंत्र परत खिशात ठेवलं. रिक्षात मी त्याला पांझरा नदीचा पूल येईपर्यंत बोलत होते.

घरी आल्यावर तो वॉकर घेऊन न्हाणीघरात गेला आणि लवकर बाहेर आला नाही. तेवढ्यात ललितचा फोन आला. मी दार वाजवलं. भाऊ येऊन पलंगावर बसला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. हाड जुळलं का, यंत्रात घालायच्या रसाच्या नळ्या संपत आल्या असतील, गावाकडचा एक जण गाडीने येतोय, त्याच्याजवळ देऊ का? पोराला एकदाचं सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. भाऊने माझ्याकडे बघून हात आडवा धरला.

"हाड म्हतारं शे, येळ लागी म्हने," तो फोनवर म्हणाला. "नळ्या दी दे. चांगल्या शेतस."

फोन बंद झाला आणि माझा पारा चढला. पाय हवाय की नकोय, मी विचारलं. त्याने खिशातून यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं.

"नको म्हनं ते तो इचारी, का बरं म्हनीसन. पोऱ्यानी मायेनी दिन्हं. त्याले सांगू नको, लता. नळ्या उन्यात का तू फेकी दे."

मी मूठ मिटली. म्हणजे नळ्या आल्या की फेकायचं काम माझं. न्हाणीघरातून आंब्याचा वास येत होता, आणि ते यंत्र अजून कोमट होतं.