लोणंदच्या घराची दलाली

नव्या रंगाचा वास आला की लोणंदचं ते दोन खोल्यांचं घर आठवतं आणि माझं डोकं तापतं. घरं विकून देण्याचं काम मी नुकतंच स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं होतं. पगार नाही, व्यवहार झाला तरच दलाली, तोवर पेट्रोल आणि फोन आपल्याच पदरचा. माण तालुक्यातून आलेल्या एका जोडप्याला मी भर उन्हात हिंडून घरं दाखवली. आईला ताप होता, तरी तिला दवाखान्यात न्यायचं सोडून मी त्यांच्यापुढं स्कूटी दामटत होते. शेवटी स्टेशनामागचं ते ताज्या रंगाचं घर त्यांना पसंत पडलं, आणि मग त्यांनी माझा फोन उचलणंच बंद केलं. एका दुपारी दुसऱ्या कामासाठी रजिस्ट्रार कचेरीत गेले, तर ते जोडपं आणि घरमालक दस्त नोंदवून हसत बाहेर येत होते. मी त्यांची वाट अडवून उभी राहिले. "माझी दलाली?" घरमालक म्हणाला, "आवं ताई, घर माझं, पैसं त्यांचं. तुमी नुसतं कुलूप उघडलं न्हवं?" त्या बाईनं खाली मान घालून माझ्यापुढं पेढा धरला. "आईला तापात टाकून तुमाला फिरवत हुते, वैनी," मी ओरडले, "आन् तुमी मला पेढा देताय व्हय?" पैसे मिळाले नाहीतच. आता मी आधी दलालीच्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या घेते, मगच घर दाखवते. नवरा म्हणतो, जुनं झालं, सोड आता. मी सोडत नाही. तो राग मला रोज कामाला येतो.