एका रेषेच्या संशयावरून दोंडाईचाला

जळगावच्या कॉलेजातलं व्याख्यान आटोपलं आणि पुण्याला परतायचं सोडून मी सुरतेकडे जाणारी गाडी पकडली. दोंडाईचाला उतरायचं होतं. तिथून जवळच्या एका खेड्यात मनीषाचं सासर आहे. मनीषा माझी जुनी विद्यार्थिनी, आता धुळ्यात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्टीला सासरी येते. मी येतेय हे तिला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती घरी सापडली नसती, अशी माझी जवळजवळ खात्रीच होती.

कारण सांगते. फार दूरच्या दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मतात, तेव्हा त्यांच्यामुळे भोवतालचा वायू काही ठरावीक रंगांत चमकतो. तो प्रकाश आपल्यापर्यंत पोचेपर्यंत विश्वाच्या प्रसरणाने ताणला जातो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश होतो. अवकाशातली दुर्बीण तो टिपते, त्याचा वर्णपट काढते, आणि आलेखात त्या रंगाच्या जागी एक सुळका उभा राहतो. त्याला आम्ही रेषा म्हणतो. मनीषाने दुर्बिणीच्या नोंदींच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या संग्रहातून अशी एक दीर्घिका शोधल्याचं कळवलं होतं आणि शोधनिबंधावर माझंही नाव घालू का, असं विचारलं होतं. पण तिने पाठवलेल्या आलेखात रेषा एकच होती. एका रेषेवरून अंतर ठरत नाही, दुसरी हवीच. त्यात आलेखाचा उजवा भाग कापलेला. विचारलं तर म्हणाली, तिथे यंत्राचा गोंगाट फार आहे, रेघ नुसती थरथरते. दीर्घिकेची आकाशातली नेमकी जागा विचारली तर फोन तुटला, आणि पुढे लागेचना. मूळ नोंदी तिने पाठवल्याच नाहीत. रेषा बनावट असावी, ही शंका माझ्या मनात घट्ट बसली.

गाडीत समोर वरणगावच्या एक अक्का होत्या, नंदुरबारला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी केळीचे वेफर्स पुढे केले आणि माझ्या हातातल्या पुठ्ठ्याच्या लांब नळीत काय आहे ते विचारलं. ताऱ्यांच्या प्रकाशाचा आलेख आहे, म्हटलं. त्यांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःची पिशवी हळूच पायांमागे सरकवली. खिडकीबाहेर वेचणी संपत आलेली कपाशी पळत होती. अमळनेर गेलं तरी वेफर्स काही पुन्हा पुढे आले नाहीत.

दोंडाईचाच्या बाजारात मिरचीची पोती उतरत होती. रिक्षा त्यातून पुढे सरकली तशा मला शिंका सुरू झाल्या, त्या गाव संपेपर्यंत थांबल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत असताना रिक्षावाल्याने मला उतरवलं आणि तो निघून गेला. मग कळलं की हवं ते खेडं नाल्याच्या पलीकडे आहे. नळी आणि लॅपटॉप सांभाळत, कोरड्या नाल्यातल्या गोट्यांवरून ठेचकाळत मी पलीकडे पोचले तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली होती.

मनीषाचं घर विचारलं. कुणी दाखवेना. शेवटी पांढऱ्या टोपीतले एक आबा उठून जवळ आले.

"जमीन मोजाले उनात का?" (मोजायला आलात का?)

आसपास सोलरचे प्रकल्प येतायत. अशा नळ्यांमधून नकाशे घेऊन माणसं येतात आणि पाठोपाठ नोटिसा येतात, असं नंतर कळलं. मी नाही म्हटलं ते त्यांना पटलं नाही. नळी उघडायला लावली. आलेख दोघांनी दोन बाजूंनी धरला. आबांनी त्या वेड्यावाकड्या रेघेवरून बोट फिरवलं आणि उंच सुळक्याशी थांबवलं.

"हाऊ कोनता डोंगर शे?" (हा कोणता डोंगर आहे?)

हा डोंगर नाही, मनीषाचं काम आहे, असं मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी कागद स्वतः गुंडाळून नळीत घातला. आबा तिचे सासरे होते. ते मला घरी घेऊन निघाले, पण नळी त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

मला दारात पाहून मनीषाचा चेहरा उतरला. तरी आधी जेवण झालं. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत, कांद्याची पात. भरीत इतकं सुरेख होतं की आलेल्या कामाचा मला क्षणभर विसर पडला. मग सरळच विचारलं, "मनीषा, ती रेषा खरी आहे का?"

"खरी आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला दाखवणार नाही."

मला राग आला. माझं नाव हवं आणि नोंदी दाखवायच्या नाहीत, हे कसं चालेल, वगैरे मी बरंच बोलले. ती खाली मान घालून ताटं उचलत राहिली. तेवढ्यात माझा फोन वाजला. आमचे विभागप्रमुख होते. जळगावहून पुढे मनीषाकडे जाऊन या, हे त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा आवाज मोठा, आणि स्वयंपाकघर लहान.

"दीर्घिकेची जागा मिळाली का? मिळाली की लगेच पाठवा, आपल्या मुलांना आजच कामाला लावतो. तिचे आभार मानू की शेवटी."

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मनीषा माझ्याकडे बघत होती.

"म्हणून कापला आलेख," ती म्हणाली. संग्रह सगळ्यांना खुला होता, आणि दोन्ही रेषा दिसल्या असत्या तर त्यातून ती दीर्घिका हुडकणं सोपं झालं असतं. जागा एकदा कळली की मोठ्या संस्थेतली पाचसहा मुलं चार दिवसांत सगळं उरकतील, आणि तिला कॉलेजचे तास, पेपर तपासणी आणि घर सांभाळून त्यांच्या पुढे राहता येणार नाही. ती भीती तिला आधीपासून होती. तिला वाटत होतं की मला आमच्या सरांनीच जागा काढून घ्यायला पाठवलंय. तिचं खोटं नव्हतं, फक्त कशासाठी पाठवलंय ते मला माहीत नव्हतं.

मी फोन बंद करून पिशवीत टाकला. मग मी म्हटलं, "जागा झाकून टाक. मला ती बघायचीच नाही. बाकीचं दाखव."

तिने लॅपटॉप आणला. पडद्यावर जिथे जागेचे आकडे आणि फाइलचं नाव दिसत होतं तिथे कागदाची पट्टी चिकटवली, आणि न कापलेला आलेख उघडला. उजवीकडे दुसरी रेषा उभी होती. पहिली ऑक्सिजनची, ही हायड्रोजनची, आणि दोघींमधलं अंतर जेवढं असायला हवं तेवढंच.

तरीही माझा विश्वास लगेच बसला नाही. दुर्बीण दर वेळी किंचित सरकवून नोंदी घेतात. प्रकाश खरा असेल तर सुळकाही त्याप्रमाणे सरकतो, यंत्रातला दोष असेल तर तो जागचा हलत नाही. मी एकेक नोंद वेगळी काढून पाहिली. दोन्ही रेषा प्रत्येक वेळी सरकल्या होत्या. दीर्घिका खरीच होती, विश्व अगदी कोवळं असतानाची, आणि तिच्यात भराभर तारे जन्मत होते. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीही नव्हती. आबा दारात उभे राहून आमच्या दोघींचे चेहरे न्याहाळत होते.

"निबंध आजच पाठव," मी म्हटलं. "माझं नाव काढलंस तरी चालेल."

"नाव राहू द्या, मॅडम. पण पाठवणार मी."

फोन घरात लागतो, पण इंटरनेट फक्त धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) मिळतं. ती लॅपटॉप घेऊन वर चढली. खाली अंगणात मी आणि आबा बसून होतो. ती उतरली तेव्हा तिने 'गेला' अशी नुसती मान हलवली. आबांनी नळी माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच चहा घेणार का, असं विचारलं.

धुळ्यापर्यंत एसटीत मनीषा सोबत होती, दुसऱ्या दिवशी तिचं कॉलेज होतं. बसस्टँडवर तिने विचारलं, "सरांना काय सांगाल?"

"जे खरं आहे ते."

पुण्याला मी खोलीत शिरताच सरांनी विचारलं, जागा कोणती? मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी पाहिली नाही." ते हसले. समोर लॅपटॉप उघडा असताना जागा पाहिली नाही, हे कोण खरं मानेल? मनीषाचा निबंध, तिचं नाव पहिलं, माझं दुसरं, काही दिवसांनी सगळ्यांना वाचता आला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की मी लपवाछपवी केली.

आता नव्या कामाविषयी बोलायचं झालं की ते आधी मी आसपास आहे का ते बघतात आणि खोलीचं दार लोटून घेतात. दाराच्या अलीकडे उभी असताना मला मनीषा आठवते, तिच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर ताटं उचलत असलेली. तिला माझ्याकडे बघून त्या दुपारी काय वाटलं असेल, ते मला आता ठाऊक आहे.