धानोऱ्याजवळचे दोन खड्डे

रजा दोनच दिवसांची होती. रात्रीच्या बसने नाशिकहून निघाले, सकाळी नंदुरबारला उतरले. स्टँडसमोर पोहे-चहा, मग धानोऱ्याकडची शेअर जीप. थंडीत जाणार असाल तर डावीकडे बसा. शहराबाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या त्या बाजूला दिसतात. तोंडाला रुमाल हवा.

मी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. मागच्या वर्षी रस्त्याच्या कामासाठी इथे आले, तेव्हा नाल्याकाठच्या दोन जुन्या खाणखड्ड्यांच्या भिंतींत घडवलेली दगडी हत्यारं रुतलेली दिसली होती. वरचा खड्डा आणि खालचा खड्डा, थर वेगळे, म्हणजे काळही वेगळा. कुठलं हत्यार कुठल्या थरात आहे, एवढंच नोंदवायचं होतं. ते झालं असतं तर तज्ज्ञांना बोलावता आलं असतं. खाणीचे जुने मुकादम, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना मी दगड जागेवरच राहू द्या असं सांगून गेले होते.

जीपमधून उतरले तर खड्डे नव्हते. मुरूम टाकून, रोलर फिरवून जमीन सपाट केलेली. पावसाळ्यात एका घरची म्हैस बुडाली, म्हणून गावानेच ते बुजवायला लावले होते. मी नानांच्या घराकडे वळले.

नाना मात्र खुशीत होते. "सर्वा दगड वाचाडी लिधात, ताई. एक भी सोडा नही."

त्यांच्या ओट्यावर गोणपाटावर हत्यारं मांडलेली होती. तीन ढीग: मोठी, मधली, बारीक. आयुष्यभर क्रशरवर गिट्टी चाळणाऱ्या माणसाने ती आकारानुसार वेगळी केली होती. शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मॅडमले ब्रासवर मोजी द्या, नाना."

वरच्या खड्ड्यातली कोणती, मी विचारलं.

नाना थोडे गोंधळले. "वरला काय नि खालला काय, दगड तोच ना, ताई?"

मी एक हातकुऱ्हाड उचलली. दोन्ही थरांच्या मातीचा रंग वेगळा होता. खाचेत चिमूटभर जरी राहिली असती तरी पुरली असती. खाच स्वच्छ होती. दुसरीची, तिसरीचीही. मी काय शोधते आहे ते पाहून नानी आतून म्हणाल्या, "मातीना दगड कसा देवाना तुमले? तारनी घासणी लिसन चोळात."

मग जेवायला बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चं तेल. मी दोन भाकरी खाल्ल्या. पैसे विचारले तर नानींना राग आला.

दुपारी त्या सपाट जमिनीवर एकदा चालून आले. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. कुणी विचारलं, तर तिथे जाऊ नका, असंच सांगेन. पाहायला काही नाही. दुसरीकडे कुठे भिंतीत असा दगड दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि हात लावू नका.

दगडांसकट ते गोणपाट आता नाशिकला माझ्या टेबलाखाली आहे. सगळ्यात मोठी कुऱ्हाड वर ठेवली आहे. ती हातात नीट बसते, अंगठ्याची जागा बरोबर सापडते. कुणाच्या अंगठ्याची, किती जुनी, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. धारेवर घासणीचे ताजे पांढरे ओरखडे आहेत.

दगड कामाला आले ना, हे विचारायला नानांचा अधूनमधून फोन येतो. "कामले वनात ना दगड, ताई?"

मी हो म्हणते.