सासूबाई, स्कूटर आणि मीटरची वायर

नव्वद सालच्या आसपास आम्ही नौपाड्यात राहायचो. नवरा डोंबिवलीच्या एका कारखान्यात होता, त्याची ये-जा कंपनीच्या बसने व्हायची. त्यामुळे त्याने हौसेने घेतलेली जुनी स्कूटर बिल्डिंगखाली नुसती उभी असायची. ती मी शिकले. शाळेच्या मैदानात दोनदा पडले, एकदा गोलपोस्टला जाऊन टेकले, आणि शिकले.

त्याच सुमारास सासूबाईंचा गुडघा धरला. डॉक्टरांनी आठवड्यातून तीन वेळा शेक घ्यायला सांगितला, आणि शेक देणाऱ्या बाईंचा दवाखाना माजिवड्याच्या पुढे. रिक्षातून दोनदा जाऊन आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गुडघ्याचं दुखणं परवडलं, पण त्या रिक्षेने कंबर जाईल माझी."

मी म्हटलं, "आई, स्कूटरवर बसाल?"

त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. आयुष्यात बैलगाडी, होडी, एसटी सगळ्यात बसलेल्या, पण दोन चाकांवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी अट सांगितली. "वीसच्या वर जायचं नाही. गेलीस तर मी उतरेन."

"चालत्या स्कूटरवरून?"

"तू थांबवशील की."

स्कूटरच्या हँडलवर वेग दाखवणारं मीटर होतं. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवायच्या आणि मान लांब करून त्या मीटरवर नजर लावायच्या. एका डोळ्याला मोतीबिंदू होता, दुसरा मात्र घारीसारखा. काटा जरा हलला की माझ्या कानात आकडा यायचा. "अठरा... एकोणीस... बावीस! अगं बावीस!" मी दचकून ब्रेक लावायचे, मागचा ट्रकवाला आमच्या दोघींचा उद्धार करायचा. तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे. एकदा एक दूधवाला दोन कॅन लटकवून पुढे गेला आणि वळून हसला. तेव्हा मला खरंच लाज वाटली.

असे दोन महिने गेले. मग एके दिवशी हायवेला लागताना माझ्या लक्षात आलं, की कानात काहीच येत नाही. मला वाटलं, आईंना बरं वाटत नाहीये. मान वळवायची सोय नव्हती. मी मीटरकडे बघितलं तर काटा शून्यावर. स्कूटर पळतेय आणि काटा झोपलाय.

दवाखान्याबाहेर त्यांना उतरवलं. म्हटलं, "आई, ठीक आहे ना?"

"झकास," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परतीच्या वाटेवर मी बिचकत तीसवर गेले असेन. शब्द नाही. पस्तीस. शब्द नाही. मला कळेना, पण विचारलंही नाही. माझी अशी समजूत झाली, की आईंना वाटतंय काटा शून्यावर आहे म्हणजे आपण अगदी मुंगीच्या चालीने चाललोय. आणि खरं सांगायचं तर मी ती समजूत दूर करायची घाई केली नाही. त्यानंतरचे तीन महिने माझ्या संसारातले सुखाचे. घरून निघालं की दहा मिनिटांत माजिवडा. वाऱ्याने आईंचा पदर मागे झेंड्यासारखा फडफडायचा. एकदा त्या म्हणाल्या, "हल्ली रस्ता चांगला केलाय का गं? लवकर येतो आपण." मी म्हटलं, "हो, डांबर टाकलंय नवीन." कुठलं डांबर नि कुठलं काय.

माझं मन मला खायला लागलं ते हळदीकुंकवाच्या दिवशी. आमच्याकडे पाच-सहा शेजारणी आलेल्या. सासूबाई त्यांना कौतुकाने सांगत होत्या, "आमची सून इतकी सांभाळून नेते मला. काटा म्हणून हलत नाही!" मी स्वयंपाकघरात अत्तरदाणी हातात घेऊन उभी. म्हातारं माणूस विश्वासाने मागे बसतंय आणि आपण त्यांना पंचेचाळीसने पळवतोय. बायका गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "मीटर दुरुस्त कर बाई. एखाद्या दिवशी खड्ड्यात घालशील तिला."

मेकॅनिक आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसायचा. पुढच्या चाकाजवळ वाकून त्याने एक काळी केबल हलवली. "हिच्या आतली वायर तुटली, ताई. चाक फिरलं की वायर फिरते, वायर फिरली की काटा फिरतो. पण मला आता टाइम नाय. गाडी चार दिवस ठेवून जावा."

"चार दिवस? एका वायरला?"

"मग स्वतः करा," तो हसत म्हणाला. "दोन नट तर आहेत."

तो गमतीने म्हणाला होता, पण मी मनावर घेतलं. नवऱ्याने डोंबिवलीहून नवी केबल आणली आणि रविवारी सकाळी मी जुनी साडी खोचून, पाना नि ग्रीसचा डबा घेऊन बिल्डिंगखाली बसले. सासूबाईंनी खुर्ची मागवली आणि माझ्यासमोर बदामाच्या झाडाखाली ठाण मांडलं.

"कशाला हात काळे करतेस? चालतेय ना?"

"मीटर बंद आहे, आई."

"असू दे की. मीटरवर थोडीच चालते गाडी?"

मी चाकाजवळचा नट सोडवला, केबल ओढली, तिच्यामागोमाग सुपारीएवढा एक पांढरा दातेरी तुकडा बाहेर आला. चाकाचं फिरणं वायरला देणारा तुकडा तो हाच, हे माझ्या लख्ख लक्षात आलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तुकडा नीट पुसून वर्तमानपत्रावर ठेवला.

"कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी जिने चढून धावत वर गेले. कुकरची एकही शिट्टी झाली नव्हती. खाली आले, तर वर्तमानपत्र होतं, पाना होता, ग्रीस होतं. तुकडा नव्हता.

"आई, इथला पांढरा तुकडा?"

"कावळा आला होता," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी वर बघितलं. झाडावर खरंच एक कावळा होता. त्या बिचाऱ्याला मी दगड मारला. मग गुडघ्यांवर रांगत सगळं कंपाउंड झाडलं, गटाराची जाळी उचलून बघितली, तळमजल्यावरच्या काकांना बॅटरी आणायला लावली. सासूबाई खुर्चीतून सूचना करत होत्या. "तिकडे कुंडीमागे बघ. कावळे कुंडीमागे लपवतात." दोन तासांनी मी हरले. तुकड्याशिवायच नवी केबल बसवली. अर्थातच काटा शून्यावरच.

"तू तुझं केलंस हो," सासूबाई म्हणाल्या. "आता आंघोळ कर आणि जेव."

मंगळवारी आम्ही शेक घ्यायला गेलो. मी शरमेने पंचविसाच्या आसपासच चालवत होते. दवाखान्यात सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या. शेक देणाऱ्या बाई यंत्र लावताना म्हणाल्या, "आजी, पदर बाजूला घ्या. ही गाठ कसली? सुपारी बांधलीय का?"

"राहू दे ती," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"टोचेल तुम्हाला," म्हणत बाईंनी गाठ सोडली. पांढरा दातेरी तुकडा त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला. "हे काय, दात आहे का कुणाचा?"

मी स्टुलावर बसले होते ती उभी राहिले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आई!"

"ओरडू नकोस. दवाखाना आहे."

"तुम्हाला माहीत होतं? मीटर बंद आहे ते?"

त्यांनी चांगला डोळा उघडला. "काटा पडला त्याच दिवशी कळलं. माझा नवरा होडीवर तांडेल होता, सुकाणू त्याच्या हातात, मला वेग कळत नाही होय? झाडं मागे पळताना दिसत नाहीत मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वीसची अट मीच घातलेली. सुनेला कसं सांगू, की बाई, जरा जोरात घे? आणि खरं सांगू, हळू चाललं की बाजूचा प्रत्येक ट्रक निवांत बघत बसायला लागायचा. प्रत्येकाला घाबरायला वेळच वेळ. तू जोरात न्यायला लागलीस, घाबरायच्या आधी माजिवडा यायचा."

शेक देणाऱ्या बाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. मला रागवायचं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत मीही गप्पच राहिले होते, तेव्हा रागवायला जागा उरली नव्हती.

"आणि त्या कावळ्याला मी दगड मारला," मी म्हटलं.

"लागला नाही ना त्याला," त्या म्हणाल्या.

तुकडा मी त्याच संध्याकाळी बसवला. या वेळी त्यांनी खाली येऊन बॅटरी धरली. चाक उचलून हाताने फिरवलं, तेव्हा काटा थरथरत दहावर गेला आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. वेगाचा आकडा ठरवताना मात्र घासाघीस झाली. मी म्हटलं तीस, त्या म्हणाल्या चाळीस, शेवटी पस्तीसवर मिटलं. नवऱ्याला आम्ही पंचवीस सांगितलं.

गुडघा पुढे बराच सुधारला, शेक बंद झाला, तरी स्कूटर काही सुटली नाही. मे महिन्यात त्यांना खडवलीच्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. "ट्रेनने सोडते," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "ट्रेनमध्ये काही दिसत नाही." दोन ठिकाणी चहा पीत, एकदा वाट चुकत आम्ही पोहोचलो. बहीण ओसरीवर आंब्याची साटं वाळत घालत होती. स्कूटरवरून उतरणाऱ्या धाकट्या बहिणीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

पाणी पिऊन होतंय तोच ती मला हळूच म्हणाली, "मला एक फेरी देशील? नदीपर्यंत?"

सासूबाई लगेच उठल्या. बहिणीला स्कूटरजवळ नेऊन त्यांनी तिचे पाय पायरीवर ठेवले, पदर कमरेला खोचून दिला, तिचा हात माझ्या खांद्यावर दाबला. "घट्ट धर. वळणावर अंग सोडायचं. आणि डोळे मिटायचे नाहीत, मिटलेस तर काय उपयोग?"

मी पहिला गिअर टाकला. खडवलीच्या त्या कच्च्या रस्त्यावर बहात्तर वर्षांची बाई माझ्या कानात असं काही किंचाळली, की शेतातले लोक उभे राहून बघायला लागले. आणि मागून सासूबाई, दुखरा गुडघा विसरून, चार पावलं धावत आल्या.