गौरीच्या जबड्यातली पट्टी

लहान मुलाचा मोडलेला जबडा जुळवताना बसवलेली धातूची पट्टी, हाड सांधल्यावर काढायची की तशीच ठेवायची? मी दंतवैद्यकाची पदवी घेतली आहे, चार वर्षं हे काम जवळून पाहते आहे, तरी या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. डॉ. सुलभा नेरुरकर मॅडम साठ वर्षांच्या होत असताना त्यांच्या गौरवग्रंथात हा प्रश्न आणावा का, तेही कळत नाही. पण त्यांच्याविषयी लिहायला बसले की मन तिथेच जातं.

मॅडमना मी पहिल्यांदा भेटले ती तळेऱ्याच्या त्यांच्या रुग्णालयात, नोकरी मागायला. आम्ही फोंडाघाटाकडचे, भात-काजूवाले; घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सात वर्षांच्या पोराला ही पट्टी कशी समजावशील?" मी पाठ केलेलं सांगू लागले. त्यांनी खिडकीबाहेरचा आंबा दाखवला. कपडे वाळत घालायची जुनी तार त्याच्या खोडात रुतून दिसेनाशी झाली होती. "मुलांचं हाड असंच वाढतं. तार वेळेत सोडायला हवी. पण त्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा टाके. दोन्ही बाजू सांगायच्या, आईबापांना आणि पोरालाही."

तसंच त्या करत आल्या आहेत. काढलेली पट्टी धुऊन बाटलीत घालतात आणि मुलाच्याच हातात देतात.

गौरी तारकर्लीची. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीवरून पडली, तेव्हा सात वर्षांची होती. एप्रिलमध्ये मॅडमनी पट्टी बसवली. पुढची तारीख मी दिली: कॅलेंडरवर सहा महिने मोजले आणि कार्डावर ऑक्टोबर लिहिला. ते आले नाहीत. मी नोंदवहीत 'आले नाहीत' असं लिहिलं, मनात त्यांना निष्काळजी ठरवलं आणि मॅडमना काहीच सांगितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये, पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाल्यावर, ते आपणहून आले. पट्टीवर हाड चढलं होतं.

मॅडमनी मला आत बोलावलं. "तारीख देवच्या आधी इचारलस काय गो? ऑक्टोबरात तेंची होडी खंय आसता?"

"समुद्रात."

"मगे?"

एवढंच. होडीवाल्यांच्या मुलांना त्या बंदीच्या महिन्यांत बोलावतात, शेतीवाल्यांच्या मुलांना कापणी उरकल्यावर. हे मी रोज पाहत होते, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मुलांचं हाड लवकर सांधतं; गौरीला जुलैतच बोलावता आलं असतं. बाहेर येऊन त्यांनी गौरीच्या आईला सांगितलं, "तारीख आमची चुकली." माझं नाव घेतलं नाही. मग दोन्ही बाजू मांडल्या: काढायची तर हाड कोरावं लागेल, ठेवायची तर जबडा कसा वाढतो यावर दर वर्षी लक्ष ठेवावं लागेल.

"बाई, ह्या तुमच्या पोटच्या चेडवाचा असता तर?" आईने विचारलं.

"माका सांगूक येणा नाय," मॅडम म्हणाल्या. "खोटा कशाक सांगू?"

इतक्या अनुभवाच्या डॉक्टरांनी आईसमोर असं म्हणावं, याचा मला तेव्हा धक्का बसला. आज वाटतं, मी त्यांच्याकडून शिकले त्यात याहून मोठं काही नाही. पट्टी ठेवायचं ठरलं. ती अजून आत आहे. प्रत्येक एक्स-रेच्या वेळी मॅडम फिल्म बराच वेळ उजेडाकडे धरतात आणि मी त्यांच्या खांद्यावरून हनुवटीची रेषा पाहते. अजून तरी हनुवटी सरळ आहे.

गौरी आज दहा वर्षांची आहे. तिचा जबडा वाढायचा थांबेपर्यंत, आणि त्यानंतरही खूप वर्षं, ती फिल्म धरणारे हात असेच स्थिर राहोत, मॅडमना निरोगी आयुष्य लाभो, ही माझी इच्छा. त्यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करते.

पण मॅडमनी अंगावर घेतलेली चूक त्यांच्याच नावावर ठेवून हा लेख मला पुरा करता येईना. मागच्या रविवारी मी तारकर्लीला गेले. गौरीची आई अंगणात सुके बांगडे उलटत होती. मी म्हटलं, "ती तारीख मी दिली होती."

"माका ठावक आसा," ती मान वर न करता म्हणाली. "अक्षर तुझा होता. बाईंचा अक्षर कोणाक वाचूक येता?"

मी यंदाचं कार्ड पुढे केलं, पेन दिलं आणि तारीख तिलाच लिहायला सांगितली. हात पदराला पुसून तिने ती लिहिली.