सहा वेढे कमी

घरात तिला खुडबुडी म्हणत. लहानपणी रेडिओ उघडून बसायची आणि पुन्हा जोडताना स्क्रू उरले की ते आईच्या बटणांच्या डब्यात दडवायची, तेव्हापासूनचं ते नाव. आता इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बऱ्या मार्कांनी पार पडलं होतं, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, दुसऱ्यापासून शाखा. कॉलेजनं अर्ज हातात ठेवला आणि दहा दिवसांत भरून आणा म्हणून सांगितलं. तिच्या मार्कांना दोन शाखा मिळण्यासारख्या होत्या, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स. एकीत मोटारी आणि जाड तारा, दुसरीत नखाएवढे सुटे भाग. अगदीच वेगळ्या असत्या तर एक सोडून देता आली असती. पण या सख्ख्या बहिणींसारख्या, एकीला हाक मारावी तर दुसरी वळून बघणार. एकदा घेतली की तीन वर्षं नव्हे, जन्मभर तीच, हा विचार तिला भाताच्या घासागणिक आठवायचा.

पहिल्या पसंतीच्या चौकटीत तिनं पेन्सिलीनं इलेक्ट्रिकल लिहिलं. खोडलं. इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं. तेही खोडलं. सहाव्या दिवशी चौकटीला भोकच पडलं. आईनं ते बघितलं आणि म्हणाली, दोन्हीत वीजच ना, मग एवढा जीव काय काढतेस. संध्याकाळी ती देवासमोर उभी राहिली तर काय मागावं तेच कळेना. इलेक्ट्रिकल दे म्हणावं, तर मनातून दुसरं निघे. शेवटी नुसते हात जोडून आली.

बाबा मोटारी भरायचे. म्हणजे जळलेल्या मोटारीतली काळी पडलेली तार कापून काढायची आणि नव्या तारेचे तेवढेच वेढे देऊन बसवायचे. रस्त्याकडेला लहानसं दुकान, वार्निशचा वास, भिंतीवर तारांची रिळं. दुकानात नियम एकच. बाबा वेढे मोजत असताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईकसुद्धा दारातच थांबायचं. शाखेबद्दल बाबांनी स्वतःहून एक अक्षर काढलं नव्हतं. दुकान पुढं कोण बघणार, हेही ते बोलले नव्हते, आणि तेच तिला जास्त टोचत होतं.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. पाचला कॉलेजची खिडकी बंद होणार होती. घरी बसवेना म्हणून ती दुकानात आली, तर लाकडाच्या वखारीचा मालक हातगाडीवर करवतीची मोटार घेऊन हजर. आठच दिवसांपूर्वी भरून नेलेली मोटार पुन्हा जळली होती.

"मोटारी भरता की भाजता हो तुम्ही?" तो म्हणाला.

बाबांनी मोटार उतरवून घेतली. मग वखारवाल्यानं सगळी हकिगत सांगितली. मोटार बसवल्या दिवसापासून स्टार्टरच्या पेटीतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड तिला दर अर्ध्या तासानं बंद पाडत होतं. मोटार जास्त प्रवाह ओढायला लागली की ती तोडायची, हेच त्या कार्डाचं काम. करवत सारखी थांबते म्हणून त्यानं कार्ड दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं कार्ड तपासलं, चांगलं आहे म्हणाला, आणि त्याची मर्यादा वाढवून दिली. दोन दिवस करवत छान चालली. तिसऱ्या दिवशी धूर.

वखारवाला गेल्यावर बाबा कार्डवाल्याच्या नावानं पुटपुटत राहिले, यांना हात काळे करायला नकोत, नुसती बटणं फिरवतात. पुटपुटतच त्यांनी जळलेली तार कापली. खुडबुडीला हाताला काहीतरी हवंच होतं, म्हणून ती एकेका गुंडाळीची कापलेली टोकं मोजू लागली. बावन्न. बावन्न. पुढची सेहेचाळीस. पुन्हा मोजली, तरी सेहेचाळीसच.

बाबांनी चष्मा लावून स्वतः मोजली आणि तिथंच स्टुलावर बसले. एका गुंडाळीत सहा वेढे कमी म्हणजे मोटार एका अंगानं जास्त ओढणार, तापणार. तिला तो दिवस आठवला. अर्ज मिळाल्या मिळाल्या ती धावत दुकानात शिरली होती आणि याच मोटारीवर बाबांचा हात चालू असताना विचारून बसली होती, इलेक्ट्रिकल घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स? आणि कधी नव्हे ते बाबांनी मोजता मोजता उत्तर दिलं होतं, तुला आवडेल ते घे.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले."

"बोललीस तू. हात माझा होता." चष्मा काढत ते म्हणाले, "आता वाईट वाटून इलेक्ट्रिकल लिहू नकोस. माझी चूक भरून काढायला शाखा घेत नसतात."

तिच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. "कार्ड बरोबर होतं, बाबा. दर अर्ध्या तासानं सांगत होतं बिचारं."

"सांगत होतं खरं," बाबा म्हणाले. "मोटारीत काय बिघडलंय ते बघायचं सोडून आम्ही त्याचंच तोंड बंद केलं."

त्यांनी वखारवाल्याला फोन लावला आणि सरळ सांगितलं, चूक माझी आहे, कार्डवाल्याला बोल लावू नका. ती ऐकत उभी होती. मग घड्याळाकडं बघून बाबांनीच तिला हुसकावलं.

कॉलेजात पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. क्लार्कबाईंनी भोक पडलेला अर्ज उजेडात धरला. "उंदरानं भरला का गं?" म्हणत नवा काढून दिला. तिनं या खेपेला पेन घेतलं आणि एका दमात इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं. अर्ज खिडकीतून आत सरकवला, पण बोट काही कागदावरून उचलेना.

"नक्की ना?"

"नक्की नाही," ती म्हणाली. "पण घ्या."

बाईंनी शिक्का मारला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, घाबरू नकोस, महिनाभरात शाखा बदलता येते.

"हे मला सांगायला नको होतं हो तुम्ही," खुडबुडी म्हणाली, आणि खिडकी बंद झाली तरी ती तिथंच उभी होती.