घाडीचा गळका सेट

आमची सिग्नलची तुकडी आठ दिवसांच्या सरावासाठी मनोरीच्या खाडीकाठी उतरली होती. मी हवालदार, सेट दुरुस्त करणारा, मुलुंडचा. नाईक चंद्रकांत घाडी ऑपरेटर, घाटकोपरचा. आम्ही दोघे भांडायला लागलो की बाकीचे चहा प्यायला निघून जात.

भांडण बहुतेक वेळा त्याच्या सेटवरून. रेडिओ नुसता ऐकत असला तरी गप्प नसतो. आतला लोकल ऑसिलेटर स्वतःची एक लहर तयार करतो आणि मिक्सरमध्ये ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळते, तेव्हा कुठे आवाज निघतो. मिक्सरवरचं झाकण नीट बसलेलं नसेल तर ती लहर उलटी अँटेनातून बाहेर झिरपते. जवळपासचा शत्रू तेवढ्यावरून तुम्हाला पकडू शकतो. घाडीचा सेट अख्ख्या तुकडीत सगळ्यात गळका.

"वर्कशॉपला जमा कर," मी म्हणालो.

"चल रे! आवाज झकास येतो त्याच्यात. तू तुझं बघ ना."

मी जमा करून घ्यायला हवा होता. पण घाडीला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ०९४० ला तो तिवरांत एकटा पोस्ट लावायला गेला. १०१० ला त्याचा रिपोर्ट यायचा होता. आला नाही. १०३० लाही नाही. धक्क्यावरच्या नाखव्याने पाण्याकडे बघितलं.

"भरती लागलीय. दोन तासांत तिवरांचे शेंडेच दिसतील."

सुभेदार साहेबांनी तीन टोळ्या पाठवल्या. हाका वाऱ्यावर विरून जात होत्या. मग डोक्यात प्रकाश पडला. सेट चालू असेल तर तो गळतही असणार.

मी दोन सेट घेतले. एक बोलायला. दुसरा त्याच्या ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सीवर लावला. नुसती खरखर. नाखवा तिवरांच्या कडेने होडी हळूहळू नेत होता. ११२० ला खरखर एकदम दबली. लहर सापडली की असंच होतं.

"घाडी, हवालदार बोलतोय. ऐकू येत असेल तर सेट बंद कर. पाच मोजून चालू कर. ओव्हर."

खरखर परत आली. मी मोजलं. पाचाला ती पुन्हा दबली.

"पाय अडकलाय? असेल तर दोनदा. ओव्हर."

त्याने दोनदा केलं. मग उगाचच तिसऱ्यांदा. वात्रटपणा शाबूत होता, म्हणजे माणूस शुद्धीवर होता.

सेट छातीशी धरून मी होडीतच गोल फिरलो. ज्या बाजूला पाठ केली की माझ्या अंगाने लहर अडून खरखर परत यायची, त्या बाजूला घाडी. ११४५ ला तो दिसला. पाणी छातीपर्यंत, पाय चिखलातल्या जुन्या दोरखंडात अडकलेला, सेट डोक्यावर. हँडसेटचं बोलायचं बटण पाण्याने निकामी झालं होतं. नुसतं ऐकू येत होतं.

"किती उशीर यार," तो म्हणाला. मी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि रडलो.

दोन वर्षांनी उत्तरेत हिमकडा कोसळला, त्यात घाडी गेला. मी तिथे नव्हतो. घाटकोपरला त्याच्या आईला भेटायला गेलो. मनोरीचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, भरतीचं, सेटचं, तिसऱ्या वेळच्या वात्रटपणाचं. तिने माझा हात हातात घेतला.

"म्हंजे झिला," ती म्हणाली, "त्याच्यासोबतचे ते शेवटचे दोन गणपती माका तुझ्यामुळे गावले."